लग्नसराई संपेपर्यंत

दहाव्याहून परतताना अमरसिंहनं गाडी त्या फटीतूनच वळवली.

वळवली ती हातांनी. डोकं दुसरीकडंच होतं. गुरुजींना घरी कुणी सोडायचं, दुपारच्या पंगतीला किती माणूस होईल, उद्याच्या मीटिंगचं काय करायचं, असलं सगळं त्याच्या मनात चाललं होतं. जलालुद्दीनचं गॅरेज मागं पडलं, उजव्या हाताला ‘वच्छला लॉन्स’ची कमान दिसली आणि नऊ वर्षं करत आला तसं त्यानं स्टिअरिंग उजवीकडं ओढलं. समोरून येणारा उसाचा ट्रक हॉर्न वाजवत थोडा मंदावला. तोही नेहमीचाच प्रकार होता.

“थांब,” मागच्या सीटवरून अंगद म्हणाला.

गाडी तोवर दुभाजकाच्या मधोमध आली होती.

“दादा, थांब म्हनलं ना!”

त्यानं चालत्या गाडीचं दार उघडलं आणि तिथंच उतरला. रस्त्यावर नगरपंचायतीनं टाकलेली वाळू अजून होती. दहा दिवसांपूर्वी त्याची लेक वैष्णवी ह्याच जागी उभी होती. बीडहून क्लास करून आली होती, एसटीतून उतरली होती, आणि दुभाजकाच्या कडेला थांबून रस्ता मोकळा व्हायची वाट बघत होती. लॉन्सकडं येणारी वऱ्हाडाची एक जीप फटीतून अचानक वळली, तिला वाचवायला ट्रकवाल्यानं स्टिअरिंग फिरवलं. जीप वाचली. वऱ्हाड वेळेवर मांडवात पोचलं.

अंगदनं फटीतून रस्ता ओलांडला नाही. तो दुभाजकाच्या कडेकडेनं सरळ चालत सुटला. पुढच्या फाट्यावर रीतसर वळण होतं, तिथं वळला, आणि पलीकडच्या बाजूनं परत आला. भर उन्हात, चपलेशिवाय. जाऊन-येऊन सव्वा किलोमीटर. वीस-बावीस मिनिटं लागली त्याला. हाच सव्वा किलोमीटर वाचवायला त्याच्या बापानं नऊ वर्षांपूर्वी दुभाजक फोडला होता.

*

फोडला म्हणजे एका रविवारी सकाळी जेसीबी बोलावून फोडला. रस्ता नुकताच चौपदरी झाला होता, मोगरखेड तेव्हा ग्रामपंचायत होतं आणि धोंडीराम शिनगारे सरपंच होते. इंजिनियर सुट्टीवर होता. लॉन्सचं उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं. वरात काय फाट्यापर्यंत वळसा घालून येणार का, असं धोंडीराम म्हणाले आणि पंधरा फूट दुभाजक एका तासात उडाला. मग पेट्रोल पंपवाल्यानं आपल्या दारापुढं फोडला, जिनिंगवाल्यानं फोडला, खताच्या दुकानवाल्या बंकटनं फोडला. पुढं पुढं तर मोगरखेडात माणसाची पत त्यावरूनच ठरू लागली. सोयरीक जमवताना मध्यस्थ सांगायचा, “घर मोठं हाय, दारापुढं डिवायडर फोडलेला हाय.” ऐकणाराही मान डोलवायचा. असं गाव.

अशा गावात रोहिणी नगरसेविका झाली, ती वॉर्ड सात महिलांसाठी राखीव निघाला म्हणून. नवऱ्यानं, म्हणजे अमरसिंहनं, फॉर्म भरला, फोटो काढला, प्रचार केला. सही तेवढी हिची. पाच वर्षं ती घरात बसून सह्या करील असा सगळ्यांचा हिशोब होता. पहिल्या मीटिंगला ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “आपल्या गावात रस्ता म्हनजे बेवारस जागा. ज्याला जे मांडायचं ते तो तिथं मांडतो. बाजार मांडतो, मंडप मांडतो, ट्रॉली लावतो. आन् माणूस मेलं की आपण स्पीड ब्रेकरसाठी अर्ज करतो. कुनी मेल्याबिगर अर्जच करता येत न्हाई असा नियम हाय का?”

सभागृह हसलं. घरातही हसले. धोंडीराम तिला ‘ट्रॅफिक मॅडम’ म्हणू लागले. पण बाई ऐकेना. तिनं टेप आणला, वही केली. गुरुवारच्या बाजारात कोण किती फूट रस्त्यावर येतो ते मोजलं. एसटी स्टँडात न जाता रस्त्यावरच का उभी राहते म्हणून आगारात चार वेळा जाऊन आली. हंगामात एका संध्याकाळी फाट्यावर उभं राहून तासाभरात उसाच्या चौसष्ट ट्रॉल्या मोजल्या. मागं लाल पट्टी लावलेल्या अकराच निघाल्या. मोजायला बरोबर वैष्णवी होती. “मोठ्याई, हिला पन न्हाई पट्टी!” म्हणून ती पोरगी वहीत काट मारायची आणि हसायची.

डिसेंबरात रोहिणीनं ठराव मांडला की, गावातल्या चारही फटी बुजवाव्यात. आणि आश्चर्य म्हणजे ठराव पास झाला. जानेवारीत तीन फटी बुजल्या. चौथी उरली, ती शिनगाऱ्यांची.

*

पंगती उठल्या, पाहुणे गेले. लॉन्सच्या मागं घर होतं आणि घराला लागून बुकिंगचं ऑफिस. तिथं पंखा होता म्हणून सगळे तिथंच बसले. धोंडीराम खुर्चीत, अमरसिंह टेबलाच्या कडेला, अंगद जमिनीवर भिंतीला पाठ लावून. वच्छलाबाई दारात बसल्या. त्यांना आत संगीताकडं, अंगदच्या बायकोकडं, लक्ष ठेवायचं होतं आणि इकडचं ऐकायचंही होतं. संगीता दहा दिवसांत दोन घास जेवली असेल नसेल.

रोहिणी चहा घेऊन आली आणि उभीच राहिली.

“उद्या अकराला मीटिंग हाय,” धोंडीरामांनी सुरुवात केली. “विषय एकच, आपला अपघात. बंकट तयारीनं येनार. त्याची फट बुजली ना, ते त्याच्या पोटात हाय. चौथी कावून ऱ्हायली हे तो इचारनार.”

“मीबी तेच इचारायलोय,” अंगद म्हणाला.

त्यानं चहाचा कप बाजूला सारला.

“दहा दिवस झाले, मी इचारायलोय. ठराव चारचा झाला. मशीन आली, सिमेंट आलं, तिघायची बुजली. आपली कावून न्हाई बुजली? कुनी थांबविलं? मला एक नाव सांगा.”

खरं तर अंगदला नावाशिवाय दुसरं काहीच नको होतं. ट्रकवाला धरला गेला होता, पण तो केजकडचा कुणी विशीतला पोरगा निघाला. पोलीस ठाण्यात तो अंगदचे पाय धरून रडला आणि अंगदला त्याचा रागच येईना. राग तर छातीत मावत नव्हता. तो कुणावर काढायचा हे कळल्याशिवाय आपल्याला झोप लागणार नाही, एवढं त्याला पक्कं झालं होतं.

“हायवेवाल्यायचा माल संपला,” अमरसिंह म्हणाला. “म्होरच्या महिन्यात करतो म्हनले.”

“माल संपतो तर आपल्याच दारापुढं बरा संपला.”

“अंगद, अवाज कमी कर. आत संगीता हाय.”

“तिलाबी कळू दे!”

धोंडीरामांनी हात वर केला. सत्तरी उलटली तरी त्या हाताचा घरात धाक होता. “हे बघ, आता फटीचं काढून पोरगी मागारी येनार हाय का? मी सांगतो ते ऐका. ट्रकवाल्यानं पोलिसात काय लिहून दिलं? गॅरेजपुढं टेम्पो आडवा व्हता, म्हनून मला जीप दिसली न्हाई. मंग? जलालच्या गॅरेजपुढं रोज चार गाड्या रस्त्यावर असतात का न्हाई? असतात. उद्या पहिला ठराव आपला पायजे. गॅरेजमुळं रहदारीला अडथळा, गॅरेज तिथून हलवावं. मांडायचा रोहिणीनं. गावात तिच्या शबुदाला, रस्त्याच्या बाबतीत, किंमत हाय. बंकटला मंग बोलायला जागा उरत न्हाई.”

घरात ज्या बाईला चार वर्षं हसले, तिच्या शब्दाची किंमत आज सासऱ्याला कळली होती. रोहिणीला हसूही आलं नाही.

“आण्णा, टेम्पो आडवा नव्हता,” ती म्हणाली. “मी पयल्यांदा पोचले तिथं. टेम्पो पांढऱ्या पट्टीच्या आत व्हता. चार फूट आत. मी दुसऱ्या दिवशी टेप लावला, चाकाच्या खुना व्हत्या.”

“पोरगी मेलेली आन् तू टेप लावीत बसलीस,” दारातून वच्छलाबाई म्हणाल्या.

हे रोहिणीला लागलं. पण ते खरंच होतं. रडून रडून झाल्यावर तिला दुसरं काही करता येईना, म्हणून तिनं टेप लावला होता.

“आन् फराजनं उचलली तिला,” ती म्हणाली. “जलालचाचाच्या फराजनं. दोन्ही हातावर घेऊन त्याच टेम्पोत टाकली, बीडपर्यंत हॉर्नवरचा हात काढला न्हाई त्यानं. त्याच्या बापाचं गॅरेज उठवायचं म्हनता?”

“वैनी खरं बोलायल्या,” अंगद म्हणाला. “गॅरेजचा काय संबंध? जीप आपल्याकडं येत व्हती. आपल्या फटीतून. आपलं गिऱ्हाईक.” मग त्यानं मान वर करून रोहिणीकडं बघितलं. “वैनी, ह्या घरात तुमीच एक सरळ बोलता. तुमी सांगा. कुनी थांबविलं?”

अमरसिंह बायकोकडं बघत होता. डोळ्यांनी सांगत होता, गप बस. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, त्याचं डोळ्यांनी बोललेलं तिला सगळं कळायचं.

“मी,” रोहिणी म्हणाली.

*

वच्छलाबाईंना सून आवडत नव्हती असं नाही. पण ती जास्त बोलते असं त्यांचं पहिल्यापासूनचं मत होतं, आणि आत्ता तिचा तो एक शब्द ऐकून त्यांनी मान खाली घातली. कारण डिसेंबरात त्या रात्रीच्या जेवणाला त्याही होत्या. बावीस बुकिंग झालेली होती. वरातीला वळसा पडला तर पाहुणे बीडच्या कार्यालयात जातील, असं अमरसिंह म्हणाला होता. एवढं साल जाऊ दे, असं त्या स्वतः म्हणाल्या होत्या. आणि अंगदही म्हणाला होता, भाकरी मोडता मोडता, हसत, “वैनी, एवढी लग्नसराई जाऊ द्या, मंग काय बुजवायचं ते बुजवा.” तो ते विसरला होता. वच्छलाबाईंच्या लक्षात होतं. रोहिणीच्याही असणार.

रोहिणीनं ते सांगितलं नाही. “मी पत्र दिलं नगरपंचायतीला,” एवढंच ती म्हणाली. “ठराव माझा, आन् पत्रबी माझंच. आपली फट तेवढी ठिवा म्हनून. मला कुनी जबरदस्ती केली न्हाई, भाऊजी. मी चार वर्षं लोकायला श्यानपन शिकविलं, आन् सोताच्या दारापाशी आले तवा सही केली. उद्या मीटिंगमधी मी हेच सांगनार हाय. मंग मला काय करायचं ते करा.”

“येडी झालीस का तू?” अमरसिंह उठला. “ते पत्र बाहीर आलं तर केस आपल्यावर उलटंल! आण्णाचं नाव येईल, लॉन्सचं नाव येईल...”

“दादा, गप बस,” अंगद म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. “कुठं हाय पत्र?”

“मूळ ऑफिसात. माझ्याकडं पोच हाय.”

“दावा.”

रोहिणी आत गेली आणि आपली फाईल घेऊन आली. पत्राची ती शिक्क्याची प्रत तिनं काढली, क्षणभर हातात धरली. वच्छलाबाईंना वाटलं ही आता देत नाही. दिली.

अंगद वाचू लागला. वच्छलाबाईंना वाचता येत नव्हतं, त्यामुळं त्या मुलाचं तोंडच बघत बसल्या. आधी ते रागानं ताणलेलं होतं. मग त्यात काहीतरी हललं. त्यानं कागद खिडकीकडं धरला. ‘विषय’ ह्या शब्दाखाली हिरव्या पेनानं दोन रेघा होत्या. डाव्या बाजूला पट्टीनं समास आखला होता. अक्षर गोल, एकसारखं, बोर्डाच्या पेपरात लिहावं तसं.

“हे कुनी लिवलं?” त्यानं विचारलं.

रोहिणीनं फाईल मिटली.

“वैनी, हे अक्षर कुनाचं हाय?”

“माझे सगळे अर्ज तीच लिहायची, भाऊजी,” रोहिणी म्हणाली, आणि इथं तिचा आवाज फुटला. “माझं अक्षर लागत न्हाई कुनाला. म्हनून चार वर्षं सगळं तीच...”

अंगदनं कागद मांडीवर ठेवला. बोटानं एक एक ओळ तो पुन्हा वाचू लागला, लहान मूल वाचतं तसा, ओठ हलवत. “...वच्छला लॉन्ससमोरील दुभाजकातील मोकळी जागा लग्नसराई संपेपर्यंत खुली ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.” ‘नम्र’वर त्याचं बोट थांबलं. वच्छलाबाई उठल्या, त्याच्याजवळ गेल्या, पण त्याला हात लावायचा त्यांना धीर होईना. दहा दिवसांत रडलेला नव्हता तो माणूस. आता त्याच्या घशातून असा आवाज आला की धोंडीरामांनी तोंड फिरवलं.

*

पंखा फिरत होता. रस्त्यावरून ट्रॉल्या जात होत्या.

मग अंगदनं कागदाची घडी केली, चार पदरी, आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

“हे उद्या निघता कामा नये,” तो म्हणाला.

रोहिणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“भाऊजी, तुमीच तर म्हनला...”

“म्हनलो. आता न्हाई म्हनत.” तो तिच्याकडं बघत नव्हता. “उद्या बंकट हे पत्र वाचून दावील. गावात फिरंल हे मोबाईलवर. मंग गाव काय म्हनंल? पोरीनं आपल्याच हातानं लिवलं आन् आपनच मेली. हसतीलबी, वैनी. हसनारे हायेत ह्या गावात. आन् आत संगीता हाय. तिला हे अक्षर दिसलं तर ती जगायची न्हाई.”

“मूळ पत्र मी काढून आनतो,” अमरसिंह लगेच म्हणाला. “बाबू आपला हाय.”

“आन,” अंगद म्हणाला.

अर्ध्या तासापूर्वी हे दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात होते. आता ते एका बाजूला होते आणि रोहिणी एकटी. धोंडीरामांना काही बोलायची गरजच उरली नव्हती. ते उठून आपला चष्मा पुसत राहिले.

“आन् जलालचाचा?” रोहिणीनं विचारलं. “बंकट बोलनारच. पत्र न्हाई तर कायतरी द्यावं लागंल ना लोकायला. त्या माणसाला देनार?”

“गॅरेज जाईल त्याचं,” अंगद म्हणाला. “माझी पोरगी गेली.”

“त्यानं न्हाई मारली तिला!”

“मंग कुनी मारली?” आता त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि ते बघणं तिला सोसवेना. “सांगा ना. तुमी मारली म्हनू? मला ते म्हनता येत न्हाई. ती तुमच्यामागं ‘मोठ्याई मोठ्याई’ करीत फिरायची. तिनं मारली म्हनू? बोला, वैनी. तुमच्या वहीत काय येतं?”

तो तिच्या पायाशी वाकला. मोठ्या भावजयीच्या पाया दिवाळीला पडतात, तसा नाही, कोसळल्यासारखा. “पाया पडतो तुमच्या. तिचं नाव ह्यात येऊ देऊ नका. गॅरेज दुसरीकडं बसंल. तिला मी दुसरीकडं कुठं बसवू?”

रोहिणी मागं सरली. चार वर्षं गावातल्या प्रत्येक अडचणीचं उत्तर तिनं वहीत लिहून ठेवलं होतं: बाजार कुठं हलवायचा, एसटी कुठून वळवायची, शाळेपुढं पट्टे कुठं मारायचे. ह्याचं नव्हतं.

आणि एक गोष्ट अशी होती, की जी ह्या खोलीत तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. पत्र लिहिताना वैष्णवीनं पेन थांबवून विचारलं होतं, “मोठ्याई, लग्नसराई संपेपर्यंत म्हनजे कवा? तारीख टाकू का? न्हाईतर हे लोक आयुष्यभर न्हाई बुजवनार.” एवढी कळती पोरगी. आणि रोहिणी म्हणाली होती, “नको, तारीख नको टाकू.”

ती दार उघडून बाहेर आली.

*

ऊन उतरलं होतं. लॉन्सवर काल काढलेल्या मांडवाचे बांबू पडले होते. परवा इथं झालेलं लग्न त्यांनी रद्द केलं नव्हतं, फक्त बँड गावाबाहेर थांबवायचं ठरलं होतं. कमानीखाली जलालुद्दीन उभा होता. हात नुकतेच धुतलेले, तरी नखांत ग्रीस होतं. तीस वर्षं शिनगाऱ्यांच्या गाड्या त्यानं दुरुस्त केल्या होत्या आणि ह्या घरात तो कधी विचारून आला नव्हता. आज मात्र कमानीच्या आत पाऊल टाकलं नव्हतं त्यानं.

“आत या ना, चाचा,” रोहिणी म्हणाली.

“नको, भाभी. आज नको. तुमच्याकडंच आलतो.” त्यानं टोपी काढली, परत घातली. “एक इचारायचं हाय. खरं सांगायचं.”

तिला कळलं काय विचारणार ते. तिनं मागं वळून बघितलं. ऑफिसच्या खिडकीत अंगद उभा होता. त्याचा एक हात शर्टाच्या खिशावर होता.

“त्या दिवशी मी न्हवतो,” जलालुद्दीन म्हणाला. “बीडला गेलतो सामान आनायला. गॅरेजवर फराज एकलाच. आता गाव म्हनतंय, टेम्पो आडवा व्हता म्हनून पोरगी गेली. फराजला इचारलं तर तो कुरानावर हात ठिवून म्हनतो, अब्बा, टेम्पो पट्टीच्या आत व्हता. मी पोराला दहा दिवस रोज इचारायलोय, भाभी. रोज तेच म्हनतो. पर पोरगं हाय, भ्यालेलं हाय. त्याची माय, जरीना, म्हनते तो खोटं न्हाई बोलनार. मला झोप न्हाई. वैष्णवी माझ्या अंगाखांद्यावर खेळली. सायकलची हवा भरायला यायची, पैसे घेतले तर रुसायची.”

त्यानं डोळे पुसले आणि नखांतलं ग्रीस गालाला लागलं.

“तुमी टेप लावून मोजलं म्हनतात. ह्या गावात रस्त्याचं कुनी खरं बोलत न्हाई, तुमी बोलता. तुमी सांगाल ते मी मानतो. टेम्पो आडवा व्हता का?”

चार फूट आत, असं तिच्या वहीत लिहिलेलं होतं. तारीख, वेळ, आणि खाली तिची सही. एवढे दोन शब्द बोलायचे होते. बोलली असती तर हा माणूस घरी जाऊन पोराला जवळ घेऊन झोपला असता. आणि उद्या अकरा वाजता गाव विचारणार होतं, मग कशामुळं? तिला खिडकीतला तो खिशावरचा हात दिसत होता, न बघताही. तिला त्या क्षणी मरण आलं असतं तर बरं झालं असतं. पण मरण मागून येत नाही, ते रस्त्याच्या कडेला नीट थांबलेल्या पोरीला येतं.

“व्हता, चाचा,” ती म्हणाली.

जलालुद्दीनचे खांदे खाली आले. पण तो हलला नाही. मेकॅनिक माणूस होता, त्याला माप लागायचं.

“किती?”

“काय?”

“किती बाहीर व्हता? तुमी मोजलं ना.”

चार वर्षांत तिनं एकही माप अंदाजानं सांगितलं नव्हतं.

“दीड फूट,” रोहिणी म्हणाली.

“दीड फूट.” त्यानं दोन्ही हातांनी हवेत तेवढं अंतर धरलं, त्याकडं बघत राहिला. “लई झालं. दीड फुटात माणूस मरतंय, भाभी.” मग त्यानं हात खाली सोडले. “बरं झालं सांगितलं. दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. उद्या मी सोता येतो मीटिंगला, गॅरेज हलवितो म्हनून लिहून देतो. तुमच्यावर ती पाळी नको.”

“चाचा...”

“आन् फराजला आज घरात घेत न्हाई. चुकी व्हते मानसाची. पर कुरानावर हात ठिवून बापाशी खोटं बोलला तो.”

तो वळला आणि घाईघाईनं गॅरेजकडं निघाला. टेम्पोखाली घुसून फराज काहीतरी आवळत होता, त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. बापानं नाव घेऊन हाक मारली तसा तो हसत बाहेर आला.